डायक्लोफेनॅक प्रदूषण

डायक्लोफेनॅक प्रदूषण : डायक्लोफेनॅक या वेदनाशामक, दाहशामक औषधाचे अंश पर्यावरणात मिसळून वन्यजीवांना होणारी हानी. मरण्यापूर्वी हे औषध टोचलेल्या गुरांचे मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, यकृत-हृदयावर यूरिक आम्लाचा पांढरा थर साचतो आणि काही दिवसांतच पक्षी मरतो. पाकिस्तानातील संशोधनातून हे कारण 2004 मध्ये सिद्ध झाले. भारतात 1992 ते 2007 दरम्यान पांढऱ्या पाठीची गिधाडे सुमारे 99.9 टक्क्यांनी घटली.

माणसांनी घेतलेले औषध मलमूत्रावाटे सांडपाण्यात जाते. शुद्धीकरण केंद्रांत ते पूर्णपणे निघत नाही व नद्यांत पोचते. माशांच्या मूत्रपिंडांना आणि कल्ल्यांना त्यामुळे इजा होत असल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

भारतात 2006 पासून जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीचे औषध गुरांना टोचले जाऊ नये म्हणून 2015 मध्ये त्याची इंजेक्शनची कुपी 3 मिलिलिटरपुरती मर्यादित झाली. 2023 मध्ये गिधाडांना घातक ठरणाऱ्या कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक या औषधांचा पशुवैद्यकीय वापरही थांबवण्यात आला. महाराष्ट्रात 2024 मध्ये पिंजोर (हरयाणा) येथील प्रजनन केंद्रातून ताडोबा-अंधारी व पेंच व्याघ्र प्रकल्पांत गिधाडे आणण्यात आली. ती टिकायची तर गोठ्यापर्यंत मेलॉक्सिकॅमसारखी सुरक्षित औषधेच पोचली पाहिजेत.