इको, सिटी की स्पोर्ट? मोटारीच्या ड्रायव्हिंग मोडमुळे इंधनखर्चात नेमका किती फरक पडतो

डॅशबोर्डवरील एक बटण दाबले की मोटारीचा स्वभाव पालटतो. तीच मोटार एका मोडमध्ये संथ व संयमी वाटते, तर दुसऱ्या मोडमध्ये पाय टेकवताच उसळी घेते. एकेकाळी केवळ महागड्या मोटारींपुरती मर्यादित असलेली ही सोय गेल्या दशकभरात मध्यमवर्गीयांच्या मोटारींतही आली आहे. टाटा मोटर्सने २०१४ मध्ये बाजारात आणलेल्या झेस्टच्या पेट्रोल आवृत्तीत इको, सिटी व स्पोर्ट असे तीन मोड दिले होते. महिंद्राच्या २०२१ मधील एक्सयूव्ही७०० च्या डिझेल आवृत्तीत याच कल्पनेला झिप, झॅप आणि झूम अशी नावे मिळाली. आज विक्री दालनात मोटारीची चावी हाती देताना मोड इकोवर ठेवल्यास ॲव्हरेज वाढेल, असे ग्राहकाला आवर्जून सांगितले जाते.

या सल्ल्यात तथ्य आहे, मात्र ते अर्धेच. मोड इंधनातील ऊर्जा वाढवू शकत नाही, मोटारीचे वजन घटवू शकत नाही आणि हवेचा विरोधही कमी करू शकत नाही. चालकाच्या पायाचा आदेश इंजिनापर्यंत कोणत्या स्वरूपात पोहोचावा, एवढेच तो ठरवतो. त्यामुळे इंधनाची बचत कोठे होते, कोठे होत नाही आणि कोठे इको मोड गैरसोयीचा किंवा धोकादायकही ठरू शकतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. त्यामुळे हा प्रश्न घरखर्चाच्या वहीपुरता राहत नाही.

बटण दाबल्यावर काय बदलते?

जुन्या मोटारींत ॲक्सिलरेटरचे पेडल आणि इंजिनात हवा सोडणारी झडप, म्हणजेच थ्रॉटल, तारेने जोडलेले असत. पाय जितका दाबावा तितकी झडप उघडत असे. आताच्या मोटारींत पेडलखाली एक संवेदक असतो. पेडल किती दाबले गेले, याची माहिती तो इंजिनाच्या नियंत्रण संगणकाला देतो आणि झडप किती उघडायची, हे संगणक ठरवतो. पेडल आणि झडप यांच्यातील या गणितालाच मोडनुसार बदलता येते.

इको मोडमध्ये पेडल निम्मे दाबले तरी झडप त्या प्रमाणात उघडत नाही. स्पोर्ट मोडमध्ये उलट घडते. पेडलला थोडासा स्पर्श झाला तरी इंजिन वेगाने प्रतिसाद देते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या मोटारींत गिअर बदलण्याची वेळही मोडनुसार ठरते. इकोमध्ये वरचा गिअर लवकर पडतो आणि इंजिनाचे फेरे कमी राहतात, तर स्पोर्टमध्ये खालचा गिअर अधिक काळ टिकून राहतो. अनेक मोटारींत इको मोड वातानुकूलन यंत्रणेच्या कॉम्प्रेसरलाही आवर घालतो. काही मोटारींत मोडसोबत स्टीअरिंग जड किंवा हलके होते. चालवताना तो फरक चटकन जाणवतो, परंतु इंधनाशी त्याचा संबंध नगण्य असतो.

इंधन वाचते ते कोठे?

पेट्रोल इंजिनाची झडप अर्धवट मिटलेली असताना इंजिनाला हवा ओढून घेण्यासाठी जोर लावावा लागतो. बारीक नळीतून श्वास घ्यावा, तसा हा प्रकार असतो. हेच काम वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर आणि झडप अधिक उघडी ठेवून केले, तर हवा ओढण्यात व घर्षणात वाया जाणारी ऊर्जा कमी होते. इको मोडमध्ये गिअर लवकर बदलण्याचे मुख्य कारण हेच आहे. डिझेल इंजिनात हवा अडवण्याचा हा तोटा फारसा नसतो. मात्र कमी फेऱ्यांमुळे घर्षण घटण्याचा लाभ तेथेही मिळतो.

दुसरी बचत चालकाच्या सवयीतून होते. वेगाने धावणाऱ्या मोटारीतील गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटर वेग गाठला, तर ही ऊर्जा सव्वादोन पट होते. पुढच्या सिग्नलवर ब्रेक दाबताच ती सगळी उष्णता बनून वाया जाते. इको मोड पेडलला सुस्त करतो. त्यामुळे दोन सिग्नलांमधील अनावश्यक धाव टळते आणि ब्रेकवर उधळली जाणारी ऊर्जा वाचते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार, आक्रमकपणे मोटार चालवल्यास थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत ॲव्हरेज १० ते ४० टक्क्यांनी, तर महामार्गावर १५ ते ३० टक्क्यांनी घटू शकते. मोडमुळे होणाऱ्या बचतीचे मूळ बऱ्याच अंशी चालकाच्या पायात आहे, हे यावरून लक्षात येते.

याचाच दुसरा अर्थ असा की, एखादा चालक मुळातच संयमाने मोटार चालवत असेल आणि गिअर वेळेवर बदलत असेल, तर इको मोडमुळे त्याच्या ॲव्हरेजमध्ये फारशी भर पडत नाही. उलट इको मोडमधील सुस्ती असह्य होऊन पेडल तळापर्यंत दाबणाऱ्या चालकाच्या बाबतीत मोडचा हेतूच फसतो. तेवढाच वेग तेवढ्याच वेळात गाठायचा असेल, तर ऊर्जाही जवळपास तेवढीच लागते.

शहर, महामार्ग आणि घाट

बेंगळुरू, दिल्ली, मुंबई किंवा पुणे येथील गर्दीच्या रस्त्यांवर इको मोडचा लाभ सर्वाधिक दिसतो. तेथे वेग सतत वाढतो व घटतो आणि ऑटोमॅटिक मोटारीत गिअरही वारंवार बदलतात. कोंडीत उभे राहिल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा मोटारीत असेल, तर बचतीत आणखी भर पडते.

महामार्गावर चित्र बदलते. एकसारख्या वेगाने जाणारी मॅन्युअल मोटार सर्वांत वरच्या गिअरमध्ये असेल, तर इको आणि सामान्य मोडमधील फरक जवळपास नाहीसा होतो. वेग कायम राखण्यासाठी लागणारी शक्ती दोन्ही मोडमध्ये सारखीच असते. येथे वेग हाच निर्णायक घटक ठरतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० किलोमीटर वेगावर गेल्यास हा विरोध सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. १०० वरून १२० वर गेल्यास त्यात आणखी ४४ टक्क्यांची भर पडते. दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. तेथे इको मोड लावून १२० ने जाणाऱ्या मोटारीपेक्षा सामान्य मोडमध्ये ९० ने जाणारी तशीच मोटार निश्चितच कमी इंधन जाळेल.

घाटाचे गणित निराळे आहे. चढावर इंजिनाला अधिक जोर लागतोच. मॅन्युअल मोटारीत इंधन वाचवण्याच्या हेतूने वरचा गिअर धरून ठेवल्यास इंजिन गुदमरते, धक्के देते आणि बचत तर होतच नाही. खंडाळ्यासारख्या चढावर सामान्य मोड निवडणे सोयीचे ठरते. उतारावर मात्र अनेकांना अनपेक्षित वाटेल असे घडते. ऑटोमॅटिक मोटारीत स्पोर्ट मोड खालचा गिअर धरून ठेवतो आणि इंजिनाच्या अवरोधाने वेग आटोक्यात राहतो. पाय पेडलवरून काढलेला असल्याने आधुनिक इंजिन त्या वेळी इंधनाचा पुरवठाच थांबवते. म्हणजे फेरे जास्त दिसत असले तरी इंधन जळत नाही.

उतारावर मोटार न्यूट्रलमध्ये सोडण्याची जुनी सवय मात्र दोन्ही अंगांनी तोट्याची आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवण्यासाठी इंधन लागतेच. शिवाय इंजिनाचा अवरोध नाहीसा झाल्याने सारा भार ब्रेकवर येऊन ते तापतात व निकामी होण्याचा धोका वाढतो.

एसीचा वाटा

नागपूर, दिल्ली किंवा जयपूरच्या मे महिन्यात इको मोडविषयीची सर्वसाधारण तक्रार असते ती गारवा कमी पडण्याची. कॉम्प्रेसर इंजिनाच्या शक्तीवर चालतो. तो कमी वेळ चालला की इंधन वाचते, पण मोटार थंड होण्यास विलंब लागतो. अतिउष्ण हवेत, विशेषतः कमी अंतराच्या फेऱ्यांत, वातानुकूलनामुळे ॲव्हरेज २५ टक्क्यांहूनही अधिक घटू शकते, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाची माहिती सांगते. उन्हात तापलेल्या मोटारीच्या काचा सुरुवातीला काही मिनिटे उघड्या ठेवून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा. पहिली दहा मिनिटे सामान्य मोड आणि मोटार थंड झाल्यावर इको, असा मध्यम मार्गही काढता येतो.

प्रयोगशाळेतील आकडा आणि रस्त्यावरचा अनुभव

जाहिरातीतील ॲव्हरेजचा आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेतील चाचणीतून येतो. मोटार रोलरवर ठेवून ठराविक आराखड्यानुसार चालवली जाते. या भारतीय चाचणीचक्रातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे आणि ही पारंपरिक चाचणी एसी बंद ठेवून होते. मोटारींची परस्परांशी तुलना करण्यासाठी हा आकडा उपयुक्त आहे, मात्र रोजच्या प्रवासाचे ते आश्वासन नव्हे. युरोपात वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत मोडचा स्वतंत्र विचार केला जातो. मोटार सुरू करताच आपोआप लागणारा एकच प्रमुख मोड असेल, तर चाचणी त्यात होते. तसा मोड नसल्यास सर्वांत काटकसरी आणि सर्वांत खर्चिक अशा दोन्ही मोडमध्ये चाचणी घेऊन सरासरी काढली जाते.

येथे एक व्यावहारिक बाब लक्षात ठेवावी लागते. अनेक मोटारी इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर आपोआप मूळ मोडवर परततात. आठवड्यापूर्वी निवडलेला इको मोड आजही सुरू आहे, असे गृहीत धरणारा चालक कित्येकदा सामान्य मोडमध्येच मोटार चालवत असतो.

पैशांचे गणित

एखादी मोटार महिन्याला १,००० किलोमीटर धावते आणि लिटरमागे १५ किलोमीटर ॲव्हरेज देते, असे मानू. तिला सुमारे ६६.७ लिटर पेट्रोल लागेल. मोड आणि सवय यांच्या बळावर ॲव्हरेज ५ टक्क्यांनी सुधारले, तर ते १५.७५ होईल व महिन्याला सुमारे ३.२ लिटर पेट्रोल वाचेल. पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये धरला, तर ही बचत महिन्याला सुमारे ३२० रुपये आणि वर्षाला सुमारे ३,८०० रुपये होते. सुधारणा १० टक्के असेल, तर महिन्याची बचत ६०० रुपयांच्या घरात जाते. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे ५ टक्क्यांच्या सुधारणेतही वर्षाला ८५ किलोहून अधिक उत्सर्जन टळते.

इको मोड कधी बंद करावा?

दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओलांडताना, महामार्गावर वेगवान वाहतुकीत शिरताना किंवा प्रवासी व सामानाने भरलेली मोटार चढावर नेताना प्रतिसादातील विलंब घातक ठरू शकतो. काही मोटारींत पेडल पूर्ण दाबल्यास संगणक इकोची मर्यादा बाजूला सारतो, तर काहींत इंजिनाची ताकद मर्यादितच राहते. आपल्या मोटारीत काय घडते, हे माहितीपुस्तिकेतून आणि मोकळ्या रस्त्यावर आधीच जाणून घेणे हिताचे आहे. ओलांडण्यासाठी समोरून येणाऱ्या वाहनाचे अंतर मोजत असताना बटण शोधण्याची वेळ येऊ नये.

स्वतः पडताळणी कशी करावी?

डॅशबोर्डवर दिसणारा ॲव्हरेजचा आकडा अंदाजे असतो. टाकी फुल करण्याची जुनी पद्धत अधिक भरवशाची आहे. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरचा आकडा शून्यावर आणावा आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी भरून घ्यावी. धावलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागले की ॲव्हरेज मिळते. एक टाकी इकोमध्ये व एक सामान्य मोडमध्ये, असा प्रयोग एकाच मार्गावर आणि एकाच ऋतूत किमान दोन-दोन वेळा करावा. टायरमधील हवेचा दाब दोन्ही वेळा सारखा असावा. इंधनाचा प्रकारही तोच असावा, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते आणि मिश्रणाचे प्रमाण बदलल्यास तुलना फसते.

असा प्रयोग केल्यावर बहुतेकांना दोन मोडमधील फरक अपेक्षेपेक्षा लहान, तर स्वतःच्या चालवण्यातील फरक अपेक्षेपेक्षा मोठा आढळेल. पुढचा सिग्नल लाल दिसताच पेडलवरून पाय काढणे, महामार्गावर वेग दहा-वीस किलोमीटरने कमी ठेवणे, टायरची हवा महिन्यातून एकदा तपासणे आणि डिकीतील अनावश्यक ओझे उतरवणे या गोष्टींसाठी मोटारीत कोणतेही बटण नसते. इको मोड या सवयींना हातभार लावतो, पण त्यांची जागा घेऊ शकत नाही.