वाहून गेलेले सोनखत

कुहीच्या जुन्या घरी आम्ही दिवाळीला गेलो की आधी गोठ्यातल्या गाईचे दर्शन आणि मग देवघर, असा आत्याचा शिरस्ता होता. गोठ्यातून परसात जाणाऱ्या नालीच्या तोंडाशी तिने एक तळ फुटलेले घमेले पुरलेले असे व त्यात चुलीतले विझलेले कोळसे भरलेले असत. गोमूत्र त्यांतून झिरपून पुढे जाई. पंधरा-वीस दिवसांनी ते कोळसे कुटून ती वांग्या-मिरच्यांच्या बुडाशी घाली आणि घमेले पुन्हा भरी. शहरात शिकत असल्याच्या तोऱ्यात मी एकदा तिला कारण विचारले. "कायले वाया जाऊ द्याचं रे, बापू?" एवढेच उत्तर मिळाले. त्याचा अर्थ कळावयास मला तीस वर्षे आणि बरीच पुस्तके लागली.

काय वाया जाते ते पाहावयाचे तर आमच्या तालुक्यासारखी जागा नाही. नागपूरच्या पश्चिमेकडील लाव्ह्याच्या टेकड्यांत उगम पावलेली नाग नदी शहराचे सांडपाणी पोटात घेऊन पूर्वेस निघते ती कुही तालुक्यात कन्हानला मिळते, आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत शिरते. आंभोरा म्हणजे पाच नद्यांचा संगम. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' येथेच रचला अशी आम्हां वैदर्भीयांची श्रद्धा. अंबाजोगाईकर आपला हक्क सांगतात, त्या वादात दिवाळीच्या दिवसांत कोण पडतो! ग्रंथाचे साल इ. स. ११८८ मानतात. बरोबर आठशे वर्षांनी, १९८८ साली, गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली, आणि आता त्या धरणाचे तुंबलेले पाणी आंभोऱ्यापर्यंत पसरलेले असते. अशा संथ पाण्यावर इकॉर्निया कशी माजते ते आमच्याकडे पोरांनाही ठाऊक आहे. बियाणे नाही, मशागत नाही, तरी एवढे पीक! पाण्यात खत आहे याचा आणखी पुरावा तो कोणता?

हे खत आले कोठून? आमच्याच वावरांतून. इकडचा तांदूळ, तूर, मिरची नागपूरच्या ताटांत जाते, आणि त्यांतले नत्र व स्फुरद मोऱ्यांवाटे नदीत उतरून आमच्याच दारावरून वाहून जाते. माझ्या काकांनी एकदा मोटार लावून ते पाणी धानाच्या बांधीत घेतले. धान हिरवेगार, कमरेएवढे झाले आणि लोंबी भरण्याआधी आडवे पडले. नत्र अति झाले की धान लोळते. शिवाय त्या पाण्यात हात घातला की खाज सुटे, ती निराळीच.

पूर्वी हे धन निराळ्या वाटेने परत येई. सोनखत हा शब्द काही कवीने दिलेला नव्हे. पुण्याच्या आसपासचे ऊसवाले राखेत कालवून सुकवलेला मैला पैसे मोजून नेत. पण ज्यांच्या डोक्यावरून ते सोने वाहिले जाई, त्यांच्या वाट्याला विटाळाखेरीज काही आले नाही, हे सांगितल्यावाचून सोनखताचा गौरव करू नये. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपणांस करू द्यावे म्हणून उपोषण आरंभिले, तेव्हा गांधीजींनीही सहानुभूतीने अन्नत्याग केला होता. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पांनी मैल्याचे खत माणसाला न विटाळता कसे होईल याचा ध्यास घेतला. डोक्यावरून मैला वाहण्याला बंदी करणारे कायदे मात्र १९९३ व २०१३ साली झाले. मधल्या काळात नळ आणि गटारे आली. खत थेट नदीत गेले.

धुपून जाणारे खत धरून ठेवता येते, हे विलायतेतल्या एका जमीनदाराने दाखविले. यॉर्कशरचे थॉम्पसन हे उकिरड्यातून किती कस निसटतो या चिंतेत होते. १८४५ च्या सुमारास त्यांनी मातीच्या नळीवर अमोनियाचे मीठ ओतून वरून पाणी सोडले. खालून निघाले ते जिप्सम, अमोनिया मातीनेच गिळला होता! वे नामक रसायनज्ञाने हे काम पुढे नेऊन १८५० साली प्रसिद्ध केले. आत्याच्या घमेल्याची ही पहिली शास्त्रीय कथा म्हणावयास हरकत नाही.

काडीकचरा अगदी थोड्या हवेत भाजला की राखेऐवजी भुसभुशीत कोळसा राहतो, हल्ली त्याला बायोचार म्हणतात. त्याच्या असंख्य छिद्रांच्या भिंतींवर बहुधा ऋण विद्युतभार असतो. अमोनियाचा कण धन, म्हणून तो चिकटतो. स्फुरदाचा कण स्वतःच ऋण, तो दूर ढकलला जातो. म्हणून भाजण्यापूर्वी काडीला मॅग्नेशियम किंवा लोहाच्या क्षाराचे पाणी पाजतात. मग स्फुरदही अडकते, आणि तो कोळसा जमिनीत घातला की ते हळूहळू पिकाला मिळते. या स्फुरदाची गोष्ट तर मौजेची आहे. हँबर्गच्या ब्रांटने १६६९ साली मूत्र आटवून सोने काढावयाचा घाट घातला, हाती आले ते फॉस्फरस. आज भारत त्याचा मोठा भाग परदेशांतून विकत आणतो आणि आपण ते मोरीतून सोडून देतो.

१९३१ साली इंदूरच्या कंपोस्टवर हॉवर्ड यांच्यासह यशवंत वाड यांचे पुस्तक निघाले. त्यांच्यापुढे कच्चा माल होता तो शेतातल्या काडीकचऱ्याचा. आमच्याकडे पऱ्हाट्या आणि तुराट्या आजही धुऱ्यावर पेटवून देतात. त्या झाकून भाजल्या तर नागेच्या पाण्यातले खत धरावयास कोळसा कमी पडणार नाही. अडचण दुसरी आहे. कोळसा आंधळा असतो. तो अमोनियाबरोबर कारखान्यातले शिसे व कॅडमियमही धरतो. म्हणून घरगुती सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी आधी वेगळे झाले पाहिजे, नाहीतर नदीतले विष तेवढे आपण शेतात आणून टाकू.

भांडेवाडीला शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी कोराडीचे वीजकेंद्र घेते. वीजवाल्यांना पाणी हवे आहे, त्यातले खत नव्हे. ते कोणी मागत नाही.

आत्या आता नाही. घरात गॅस आला, चूल गेली, कोळसाही गेला. गेल्या दिवाळीत मी एका जुन्या पिंपात पऱ्हाट्या भाजल्या आणि घमेले पुन्हा नालीशी पुरले. वांगी बरी धरली आहेत. नागेच्या पाण्यात भिजवलेला कोळसा मात्र अजून वेगळ्या मडक्यात ठेवला आहे. तपासून आणल्याखेरीज तो परसात घालू नको, असे घरातून बजावले गेले आहे.