त्रेपन्नावी जागा कोणाची? : अमेरिकन फुटबॉलमधील एका जुन्या वादाचा इतिहास

१/ दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगच्या ३२ संघांना एक कठोर हिशेब मांडावा लागतो. सराव शिबिरात ९० खेळाडू असतात. हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यांतील ५३ ठेवायचे आणि ३७ वगळायचे. सर्व संघ मिळून वगळलेल्यांची संख्या ११०० च्या पुढे जाते. नामवंतांची नावे आधीच पक्की असतात. वाद पेटतो तो यादीच्या तळाशी.

२/ त्या तळाशी हमखास आढळणारा एक खेळाडू असतो. तो गुण मिळवत नाही, चेंडू क्वचितच हाताळतो, आणि सामन्याचा बराचसा वेळ सीमारेषेबाहेर उभा असतो. त्याला ‘स्पेशल टीम्स’चा खेळाडू म्हणतात. त्याच्यासाठी जागा राखावी की नाही? या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले. ते का बदलले, याचा हा मागोवा.

३/ आधी खेळाची थोडी ओळख. प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचे असते. तीन प्रयत्न फसले की चौथ्या वेळी बहुधा चेंडू लांबवर लाथाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली केला जातो, हा ‘पंट’. सामन्याच्या आरंभी आणि गुण झाल्यानंतर ‘किकऑफ’ होतो. आक्रमण आणि बचाव यांखेरीज किकच्या अशा प्रसंगांसाठी उतरणारा तिसरा ताफा म्हणजे स्पेशल टीम्स.

४/ या ताफ्यातील सर्वांत कष्टाची भूमिका ‘गनर’ची. पंटच्या वेळी तो रांगेच्या अगदी टोकाला उभा राहतो. चेंडू हलताच दोन-दोन प्रतिस्पर्धी त्याला धक्के देऊन रोखू पाहतात. त्यांना चुकवून सुमारे ४० ते ५० यार्ड धावायचे आणि झेल घेणारा पाऊल टाकण्याच्या आत त्याला जमिनीवर पाडायचे, एवढेच त्याचे काम. अवघे काही सेकंद, परंतु पूर्ण वेगाने.

५/ या कामाचे मोल साध्या अंकगणिताने कळते. समजा, गनरच्या दहशतीमुळे झेल घेणारा प्रत्येक पंटवर १० यार्ड कमी पळाला आणि सामन्यात असे पाच पंट झाले. म्हणजे ५० यार्ड वाचले. मैदानाची लांबी, गोलक्षेत्रे वगळता, १०० यार्ड असते. अर्धे मैदान राखले गेले, पण धावफलकावर त्याची एकही खूण उमटत नाही.

६/ आता इतिहासाकडे. लीगची स्थापना १९२० साली झाली. १९२५ मध्ये संघाची मर्यादा होती अवघी १६. मैदानात ११, राखीव ५. बदली खेळाडूंवर निर्बंध होते. म्हणून तोच माणूस आक्रमण करी, बचाव करी आणि किकच्या वेळीही धावे. ‘केवळ एका कामाचा खेळाडू’ ही कल्पनाच त्या जगात बसत नव्हती. आजचा वाद तेव्हा कोणाला समजलाही नसता.

७/ ही घडी विस्कटली ती दुसऱ्या महायुद्धाने. तरुण सैन्यात गेले आणि संघांना माणसे पुरेनात. १९४३ मध्ये लीगने संघमर्यादा २८ वर आणली आणि त्याच वेळी खेळाडू हवे तितक्या वेळा बदलण्याची मुभा दिली. टंचाईवरचा हा तात्पुरता उपाय होता. युद्धानंतर तो मागेही घेण्यात आला. परंतु १९५० पासून मुक्त बदलीचा नियम कायमचा झाला.

८/ या एका नियमाने खेळाडू विभागले गेले. आक्रमणाचे वेगळे, बचावाचे वेगळे. १९६० मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सला विजेतेपद मिळवून देणारा चक बेडनारिक दोन्ही बाजूंनी खेळला, तर तेवढ्यावरून तो जुन्या युगाचा अखेरचा वीर म्हणून गौरवला गेला. जे पूर्वी सर्वांचे नित्यकर्म होते, ते आता नवल ठरले.

९/ मात्र किकचे प्रसंग कोणाच्याच वाट्याचे नव्हते. १९६० च्या दशकात या ताफ्याला ‘सुसाइड स्क्वॉड’, म्हणजे आत्मघाती पथक, असे उपरोधाने म्हटले जाई. दोन बाजूंचे खेळाडू पूर्ण धावेने एकमेकांवर आदळत. म्हणून मोलाचे खेळाडू बाजूला ठेवून नवशिके आणि राखीव त्यात ढकलले जात. ते काम शिक्षेसारखे मानले जाई. त्याचे शास्त्र असू शकते, असे फार थोड्यांना वाटे.

१०/ त्या थोड्यांपैकी एक जॉर्ज ॲलन. लॉस एंजेलिस रॅम्सचा हा प्रशिक्षक लहानसहान तपशिलांचा वेडा होता. १९६९ मध्ये त्याने डिक व्हर्मील याला केवळ स्पेशल टीम्ससाठी साहाय्यक नेमले. त्याच वर्षी फिलाडेल्फियाने तेच काम मार्व्ह लेव्ही याच्याकडे सोपवले. असे स्वतंत्र पद तोवर जवळजवळ अपरिचित होते. पुढच्याच वर्षी लेव्ही ॲलनकडे आला. ही दोन नावे लक्षात ठेवावीत.

११/ १९७४ मध्ये नियमांनी आणखी एक वळण घेतले. पंटचा चेंडू पायावरून सुटण्यापूर्वी मधल्या खेळाडूंना पुढे धावण्यास बंदी आली. टोकाच्या दोघांनाच मोकळीक राहिली. हेतू होता झेल घेणाऱ्यांना पळायला वाव देण्याचा. परिणाम असा झाला की, अडवण्याचा पहिला भार दोनच माणसांवर आला. गनर ही भूमिका आज दिसते त्या रूपात घडली ती या बंधनातून.

१२/ १९७६ मध्ये व्हर्मील फिलाडेल्फियाचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्याने व्हिन्स पपाली याला संघात घेतले: वय ३०, पेशाने शिक्षक, महाविद्यालयीन फुटबॉलचा अनुभव शून्य. पपाली तीन हंगाम टिकला, तो मुख्यतः स्पेशल टीम्समधील धडाडीवर. त्याच्यावर पुढे चित्रपटही निघाला. चित्रपटात जिद्द दिसते. पण त्याला निवडणारा माणूस स्वतः याच ताफ्याचा प्रशिक्षक होता, हे विसरू नये.

१३/ दुसरे नाव लेव्ही. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो बफेलो बिल्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. काही दिवसांतच ह्यूस्टन ऑइलर्सने सोडलेला एक खेळाडू बफेलोने उचलला. स्टीव्ह टास्कर, उंची ५ फूट ९ इंच, १९८५ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या फेरीत निवडलेला. ह्यूस्टनच्या लेखी तो वगळण्याजोगा होता. लेव्हीच्या लेखी तो हवा तसा माणूस होता. खेळाडू तोच; पारखणारा बदलला.

१४/ १९८४ पासून लीगच्या मानाच्या सामन्यात, प्रो बाउलमध्ये, स्पेशल टीम्सच्या खेळाडूसाठी स्वतंत्र जागा ठेवण्यात आली होती. टास्कर त्या जागेवर सात वेळा निवडला गेला. त्याच्या कारकिर्दीतला एक आठवडा तर या साऱ्या वादाचे सार सांगणारा आहे.

१५/ ३१ जानेवारी १९९३. सुपर बाउल, बफेलोविरुद्ध डॅलस. आरंभीच टास्करने डॅलसचा पंट अडवला आणि त्यातून बफेलोचे पहिले गुण आले. शेवटी काय झाले? डॅलस ५२, बफेलो १७. ७ फेब्रुवारीला होनोलुलूत प्रो बाउल झाला. त्यात टास्करने प्रतिस्पर्ध्याची गोलकिक अडवली, चेंडू निसटायला लावला, आणि लीगच्या साऱ्या दिग्गजांमधून सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

१६/ दोन्ही बाजूंच्या वकिलांना या आठवड्यात पुरावा सापडतो. एक म्हणेल, असा माणूस सामन्याची दिशा बदलू शकतो. दुसरा म्हणेल, मूळ संघ ढासळला तर तो ३५ गुणांची दरी भरून काढू शकत नाही. दोघेही खरे बोलतात.

१७/ विरोधकांचे म्हणणे हलके लेखू नये. सामन्याच्या दिवशी ५३ पैकी साधारणतः ४८ जणांनाच गणवेश चढवता येतो. त्यांत किकर, पंटर आणि त्यांना चेंडू मागे फेकणारा लाँग स्नॅपर, हे तिघे ठरलेलेच. अशा वेळी आणखी एक जागा ‘फक्त धावून पाडणाऱ्या’ला दिली आणि मुख्य खेळाडू जखमी झाला, तर त्याची उणीव कोण भरणार? तरुण राखीव खेळाडू दोन्ही कामे करील, तेही कमी पगारात.

१८/ समर्थकांचे उत्तरही तेवढेच सरळ आहे. असा खेळाडू एकाच कामापुरता नसतो. किकऑफ मारणे आणि परतवणे, पंट मारणे आणि परतवणे, या चारही ताफ्यांत तो असतो. त्याच्यामुळे मुख्य खेळाडूंना त्या धोक्यात उतरावे लागत नाही. मॅथ्यू स्लेटर हे ताजे उदाहरण. २००८ ते २०२३ असे १६ हंगाम तो न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे होता. नोंदीनुसार तो रिसीव्हर. नियमित हंगामांत त्याने झेलले किती पास? एक. प्रो बाउलसाठी निवड मात्र १० वेळा, आणि तीन सुपर बाउल विजेतेपदे.

१९/ तरीही पुराव्याचा प्रश्न उरतोच. टॅकल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पाडणे, ही लीगची अधिकृत आकडेवारी कधीच नव्हती. ती संघ आपापल्या पद्धतीने मोजत आले. आणि जो झेल घेणारा गनरला पाहून पळण्याचा विचारच सोडतो, त्याची नोंद कुठे करायची? जे घडले त्याचे दप्तर असते. जे घडू दिले नाही त्याचे नसते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण ओळखीची वाटेल.

२०/ ओहायोतील कँटन येथील हॉल ऑफ फेममध्ये हे स्पष्ट दिसते. केवळ किकर म्हणून यान स्टेनेरुड १९९१ मध्ये आत गेला. पंटर रे गाय याला २०१४ पर्यंत थांबावे लागले. मुख्यतः किक परतवण्यासाठी गाजलेला डेव्हिन हेस्टर २०२४ मध्ये पोहोचला. तिघांचा संबंध थेट चेंडूशी, म्हणून तिघांचे आकडे आहेत. चेंडूवाल्याला पाडणारा टास्कर मात्र उमेदवारांच्या यादीत वर्षानुवर्षे झळकूनही दाराबाहेर राहिला.

२१/ दरम्यान नियम पुन्हा फिरले. किकऑफमधील धडकांमुळे होणाऱ्या दुखापती कमी करण्यासाठी २०११ मध्ये किकची जागा ३० यार्डांवरून ३५ वर नेली. चेंडू थेट टोकाच्या गोलक्षेत्रात जाऊ लागला आणि परतवण्याचे प्रसंग झपाट्याने घटले. २०२४ मध्ये तर दोन्ही बाजूंना जवळजवळ समोरासमोर उभे करून लांब धावच काढून टाकली. प्रसंग पुन्हा वाढले, पण आता निव्वळ धावपटूपेक्षा जवळून झुंजणाऱ्याचे महत्त्व वाढले.

२२/ हा वाद केवळ चाहत्यांच्या करमणुकीचा नाही. लीगच्या निवृत्तिवेतनासाठी खेळाडूला तीन मान्य हंगाम पुरे करावे लागतात. दोन हंगामांनंतर वगळलेल्या माणसाच्या दृष्टीने यादीतील अखेरची जागा म्हणजे म्हातारपणाची तरतूद असते. मेंदूला आणि सांध्यांना बसणारे धक्के मात्र हंगाम मोजून बसत नाहीत.

२३/ मग जागा द्यावी की नाही? इतिहासाचा कौल असा: १६ जणांच्या संघात त्याला जागा नव्हती, कारण सर्वजण सर्वकाही करत. ५३ जणांच्या संघात ती आहे, पण एका अटीवर. तो चारही ताफ्यांत उतरला पाहिजे आणि त्याच्या वाट्याचे काम राखीव खेळाडूपेक्षा ठळकपणे सरस झाले पाहिजे. टास्कर आणि स्लेटर ही अट पुरी करत होते. त्यांची नक्कल म्हणून ठेवलेले अनेकजण करत नाहीत.

२४/ सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. १९४३ ची टंचाई, १९७४ चे बंधन, २०११ आणि २०२४ चे बदल. यांतला एकही निर्णय या खेळाडूने घेतला नव्हता. तरी प्रत्येक निर्णयाने त्याची किंमत ठरवली. ‘याची लायकी आहे का?’ असे विचारताना आपण माणसाला जोखत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्या वर्षीचे नियमपुस्तक आणि निवडणाऱ्याची नजर यांनाच जोखत असतो.