तान्ह्या मुलाच्या मळाचा रंग आणि साठ दिवसांची मुदत

आम्ही वैद्य नव्हे. आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. आणि ह्या पृष्ठांचे वाचकहि सनदा, बखरी व शिलालेख ह्यांस सरावलेले. त्यांच्यापुढें तान्ह्या मुलाच्या शौचाचा विषय मांडणें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. तथापि एखादें ज्ञान ग्रंथांत नोंदलें जाणें निराळें, आणि ज्यास त्याची गरज आहे त्याच्या हातीं तें पडणें निराळें. ह्या दोहोंमध्यें किती काळ लोटतो व त्याची किंमत कोण देतें, हें पाहणें इतिहासाचेंच काम होय. त्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे. कामला, म्हणजे आपली कावीळ, हिचा विचार त्यांतच येतो. तिच्या एका प्रकारांत रोग्याचे डोळे व त्वचा पिवळीं असतां मळ मात्र तिळाच्या वाटणासारखा पांढुरका होतो. कफानें मार्ग अडल्यामुळें पित्त कोठ्यांत उतरत नाहीं, अशी त्याची उपपत्ति दिली आहे. इतकेंच नव्हे, तर मळास पुन्हा पित्ताचा रंग येईपर्यंत उपचार चालवावे, असेंहि तेथें सांगितलें आहे. म्हणजे रंग हाच निदानाचा आधार आणि रंग हेंच गुण आल्याचें माप. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस हा भाग समजावून देतांना ‘तिलपिष्टनिभ’ ह्या समासाचा विग्रह आम्हीं अनेकदां मोठ्या हौसेनें केला. उपमा नेमकी आहे, एवढेंच आम्हांस दिसलें. त्या उपमेवर एखाद्या बालकाचा जीव अवलंबून असूं शकेल, हें कधीं मनांतहि आलें नाहीं.

परंतु एवढ्यावरून आजचा रोग प्राचीनांस ठाऊक होता असें म्हणणें साहसाचें होईल. चरकांतील तें प्रकरण बालकांचें नव्हे. बालकांचा स्वतंत्र ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. नेपाळांतील ताडपत्राच्या पोथीवरून ती १९३८ मध्यें मुंबईस छापून प्रसिद्ध झाली. तिच्या सूत्रस्थानांत वेदनाध्याय म्हणून एक अध्याय आहे. ज्या मुलास बोलतां येत नाहीं त्याचें दुखणें कशावरून ओळखावें, हा त्याचा विषय. तेथें कामलेच्या खुणा सांगतांना मुलाचे डोळे, नखें, तोंड, मळ व मूत्र पिवळीं होतात असें म्हटलें आहे. पांढुरक्या मळाची खूण त्या जागीं नाहीं. ज्या खुणेची बालकास सर्वांत अधिक गरज होती, ती मोठ्यांच्याच प्रकरणांत राहिली.

आतां ती खूण काय सांगते तें पाहूं. नवजात मुलाचा पहिला मळ काळसर हिरवा व चिकट असतो. कांहीं दिवसांत तो निवळतो, आणि अंगावर पिणाऱ्या मुलाचा मळ मोहरीसारखा पिवळा व पातळ होतो. हिरवट किंवा तपकिरी छटा बहुधा निरुपद्रवी असते. मळांत रक्त दिसल्यास, किंवा पहिले दिवस सरल्यावर तो पुन्हा डांबरासारखा काळा झाल्यास, डॉक्टरास दाखवावें. परंतु मळ पांढरा, राखी किंवा अगदीं फिकट पिवळा होऊं लागणें ह्याचा अर्थ पित्त आंतड्यांत पोहोंचत नाहीं असा संभवतो. आणि त्याचें एक भयंकर कारण म्हणजे पित्तनलिका बुजून जाण्याचा रोग. हा रोग फसवा आहे. पहिल्या आठवड्यांत कावीळ पुष्कळ मुलांस होते व बहुधा आपोआप जाते. हें मूलहि आरंभीं दूध नीट पितें, अंगानें बाळसेदार दिसतें, आणि मळाचा रंग एकाएकीं न जातां हळूहळू उतरतो. त्यामुळें ‘जाईल आपोआप’ असें म्हणतां म्हणतां आठवडे निघून जातात.

एडिंबरो येथील जॉन थॉमसन ह्यांनीं ह्या रोगाचीं विखुरलेलीं वृत्तें एकत्र करून १८९२ च्या सुमारास त्यांवर सविस्तर लिहिलें. रोग ओळखला गेला, उपाय मात्र नव्हता. पुढें जपानांतील सेंदाई येथील शस्त्रवैद्य कासाई मोरिओ ह्यांनीं बुजलेल्या नलिका काढून आंतड्याचा भाग यकृताच्या द्वाराशींच जोडण्याची युक्ति १९५९ मध्यें प्रसिद्ध केली. पण ती जपानी भाषेंत! इंग्रजींत त्यांचा प्रसिद्ध लेख यावयास १९६८ साल उजाडलें. ही शस्त्रक्रिया साधली कीं नाहीं, हें कळण्याची पहिली खूण कोणती? मळास पुन्हा रंग येणें. चरकाचें माप येथें न सांगतां पुन्हा उपयोगांत आलेलें पाहून आम्हांस विस्मय वाटला. मात्र ह्या उपायास मुदत आहे. मूल साधारण साठ दिवसांचें होण्यापूर्वीं शस्त्रक्रिया झाल्यास यशाचा संभव अधिक. त्यापुढें यकृत घट्ट होत जातें, आणि शेवटीं दुसऱ्याचें यकृत बसविण्यावांचून मार्ग उरत नाहीं.

म्हणजे खूण होती, उपाय सांपडला. उणीव होती ती खूण वेळेवर वाचणाऱ्याची. ती भरून निघाली एका कागदाच्या तुकड्यानें. जपानांतील तोचिगी प्रांतांत मात्सुई आकिरा ह्यांच्या पुढाकारानें १९९४ मध्यें मळाच्या रंगांचें छापील कार्ड मातांच्या हातीं देण्यास आरंभ झाला. तैवाननें २००२ मध्यें प्रयोग करून २००४ पासून सर्व देशभर तें चालू केलें. तेथें साठ दिवसांच्या आंत शस्त्रक्रिया झालेल्या रोगी मुलांचें प्रमाण २००४ मध्यें शेंकडा ६० होतें, तें २००५ मध्यें शेंकडा ७४.३ झालें. २०१२ मध्यें जपाननेंहि हें कार्ड माता-बालकांच्या आरोग्यपुस्तिकेंतच घातलें. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. केवळ पाहणाऱ्या डोळ्यास ताडून पाहण्याजोगा रंग मिळाला.

ह्यांतून आम्हीं घेतलेला बोध एवढाच. मुलाचा मळ प्रथम पाहते ती बाळोतीं धुणारी बाई. ग्रंथकारानें उपमा योजिली, टीकाकारांनीं ती उलगडली, आमच्यासारख्यांनीं ती शिकविली. परंतु न्हाणीजवळ बसलेल्या त्या बाईस ती सांगावी असें कोणास सुचलें नाहीं. तिळाचें वाटण कसें दिसतें हें तिला आम्हां सर्वांहून चांगलें ठाऊक होतें. म्हणून वाचकांनीं हा लेख कपाटांत न ठेवितां एवढें घरांत सांगावें: दोन आठवड्यांनंतरहि मूल पिवळें दिसत असेल, मळ फिकट होत असेल, किंवा लघवीचा गडद पिवळा डाग बाळोत्यावर उमटत असेल, तर वाट पाहूं नये. डॉक्टरास बाळोतेंच दाखवावें, आणि रक्तांतील बिलिरुबिन, त्यांतहि त्याचे दोन्ही भाग निरनिराळे, तपासून घ्यावे. इतिहासांत शतकें मोजण्याची आम्हांस संवय आहे. येथें दिवस मोजावे लागतात.