हृदयशस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशमन

हृदयशस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशमन : बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड (उरोस्थी) उभे कापतात व शेवटी पोलादी तारांनी बांधतात. ते सांधायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. वेदना मात्र पहिले दोन-तीन दिवस सर्वांत तीव्र असते. तिच्या भीतीने रुग्ण खोकत नाही, खोल श्वास घेत नाही. मग कफ साचून न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून या वेदनेवर उपचार हवेच, ती सोसायला सांगणे चूक आहे.

अतिदक्षता विभागात मॉर्फिन किंवा फेंटॅनिल ही अफूवर्गीय औषधे शिरेतून देतात. जोडीला पॅरासिटॅमॉल दिल्यास अफूवर्गीय औषध कमी लागते. बायपासनंतर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन टाळतात. अफूवर्गीय औषधांनी गुंगी, मळमळ व बद्धकोष्ठता हे त्रास होतात. श्वास मंदावणे सर्वांत गंभीर, त्यावर नॅलोक्झोन हा उतारा. खोकताना उशी छातीशी घट्ट धरल्यास आराम पडतो.

भारतात मॉर्फिन व फेंटॅनिल ही औषधे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. कडक नियमांमुळे मॉर्फिन मिळणे अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी केली. ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय औषधही २०१८ पासून याच कायद्यात आहे.

घरी परतताना वेदनाशामक गोळ्या किती दिवस घ्यायच्या व कशा कमी करायच्या, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. झोपेच्या गोळ्या किंवा दारूबरोबर त्या घेऊ नयेत आणि उरलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊ नयेत.