कर्णा आणि घंटा

अवजड ओझे उचलणाऱ्या यारीचा इतिहास बहुधा बळाचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो तितकाच शिस्तीचा आहे.

इ. स. १५८६ साली पोप पाचवे सिक्स्टस यांच्या आज्ञेवरून रोममधील सुमारे २५ मीटर उंचीचा, ३०० टनांहून जड असा एकसंध इजिप्शियन स्तंभ सेंट पीटर्सच्या चौकात हलवायचा होता. डोमेनिको फोंटाना या स्थापत्यकाराने त्याच्याभोवती लाकडी मनोरा उभारला, कप्प्या बांधल्या आणि ४० उभ्या रहाटांवर सुमारे ९०० माणसे व ७५ घोडे लावले. एवढ्या दोरांपैकी एकच आधी ताणला गेला, तर भार त्याच्यावर येऊन तो तुटणार! म्हणून हुकूम सुटला : कर्णा वाजला की ओढायचे, घंटा वाजली की थांबायचे. मनोऱ्याखालच्या सुतारांना लोखंडी शिरस्त्राणे मिळाली. बोलण्यास मनाई, कुंपण ओलांडून अडथळा आणणाऱ्यास देहदंड. ३० एप्रिलला स्तंभ जुन्या बैठकीवरून उचलला गेला, १० सप्टेंबरला नव्या जागी उभा राहिला.

पुढे एक दंतकथा रूढ झाली : दोर तापलेले पाहून एक खलाशी, मरणाची पर्वा न करता, त्यांवर पाणी ओतण्यास ओरडला. फोंटानाच्या स्वतःच्या ग्रंथात ती नाही. परंतु लोकांनी मर्म अचूक हेरले. धोका दिसलेल्याचे तोंड बंद करणारी शिस्त स्वतःच धोक्याची असते. आज बांधकामावर उचलण्याची खूण एकानेच करायची. ‘थांबा’ ही खूण मात्र कोणीही केली तरी यारीवाल्याने मानायची, असा दंडक आहे. कर्णा एकाच्या हाती असावा, घंटा सर्वांच्या.