नोंदवहीबाहेरचा गोलंदाज

अमेरिकेंतील बेसबॉलचा इतिहास म्हणजे आंकड्यांचा इतिहास होय. कोणत्या वर्षीं कोणत्या गोलंदाजानें किती फलंदाज बाद केले, याची गणती त्या देशांत इतक्या काटेकोरपणें झाली आहे, कीं शाळकरी मुलेंहि ती तोंडपाठ म्हणून दाखवितात. असें असतां, ज्याला कित्येक जाणते या खेळांतील श्रेष्ठ गोलंदाजांत गणतात, त्या सॅचेल पेजच्या ऐन उमेदीच्या वर्षांचा मात्र धड हिशेब लागत नाहीं. कारण एवढेंच, कीं तो काळा होता.

त्याचें मूळ नांव लिरॉय. जन्म १९०६ सालीं, अलाबामा संस्थानांतील मोबील या बंदरांत. लहानपणीं स्टेशनावर उतारूंच्या पिशव्या वाहून तो चार पैसे मिळवी. त्या पिशव्यांवरूनच ‘सॅचेल’ हें नांव त्याला चिकटलें, असें सांगतात. बाराव्या वर्षीं किरकोळ चोरीवरून त्याची रवानगी सुधारगृहांत झाली. तेथें त्यानें पांच वर्षें काढलीं, आणि चेंडू फेकण्याची विद्याहि तो तेथेंच शिकला. बेसबॉलचा गोलंदाज चेंडूचा टप्पा पाडीत नाहीं; साठ फुटांवर उभ्या असलेल्या फलंदाजासमोरील एका अदृश्य चौकटींतून तो हवेंतल्या हवेंत काढावयाचा असतो. त्या चौकटीच्या हव्या त्या कोपऱ्यावर चेंडू नेणें हें पेजचें कसब. नुसता वेग पुष्कळांपाशीं असतो. वेग आणि नेम एकत्र क्वचितच नांदतात.

परंतु मुख्य संघांचें दार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काळ्यांना बंद होतें. तसा लेखी नियम नव्हता. त्याची गरजच पडली नाहीं. पेज काळ्यांच्या स्वतंत्र संघांतून खेळला : बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी, १९३७ सालीं तर डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा ट्रुहियो याच्या संघांतूनहि! हंगाम संपला कीं गांवोगांव प्रदर्शनी सामने. १९३४ सालीं डिझी डीन या नामांकित गोऱ्या गोलंदाजाविरुद्ध तो खेळला. तिकिटें खपत, म्हणून तेवढ्यापुरते गोरे-काळे एका मैदानावर चालत. आपल्या वाचकांना येथें पालवणकर बाळूंची आठवण होईल. पुण्यास त्यांना चहा मंडपाबाहेर, निराळ्या पेल्यांतून मिळे. पण १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं घेतलेले शंभराहून अधिक बळी निदान वहींत तरी उतरले.

नोंद नाहीं तेथें दंतकथा माजते. क्षेत्ररक्षकांना खालीं बसवून पेज फलंदाज बाद करी. आपलें वय तो कोणालाच नीट सांगत नसे. हे किस्से अमेरिकन लोक मोठ्या कौतुकानें सांगतात. मला त्यांत थोडी सोयहि दिसते. माणसाची विनोदी आख्यायिका केली, म्हणजे त्याला वीस वर्षें बाहेर कोणीं ठेविलें हें विचारावें लागत नाहीं.

१९४७ सालीं जॅकी रॉबिन्सननें ही बंदी मोडली. पहिला मान आपला नव्हे, याचें शल्य पेजनें आत्मचरित्रांत बोलून दाखविलें आहे. पुढल्याच वर्षीं क्लीव्हलंडच्या संघानें त्याला घेतलें. वय बेचाळीस! ही केवळ गर्दी खेंचण्याची युक्ती, असें एका क्रीडापत्राच्या संपादकानें लिहिलें. गर्दी झाली हें खरें. २० ऑगस्टच्या रात्रीं ७८,३८२ लोक आले. पण त्या सामन्यांत प्रतिपक्षाला एकहि धांव मिळाली नाहीं, आणि त्या हंगामांत पेजच्या खात्यावर सहा विजय व एकच पराजय पडला. १९६५ सालीं एकोणसाठाव्या वर्षीं तो शेवटचा उतरला. मालकानें गमतीखातर त्याच्यासाठीं झुलती खुर्ची मांडली होती. त्यानें तीन डाव टाकले. धांव एकहि दिली नाहीं.

१९७१ सालीं कूपर्सटाऊनच्या कीर्तिमंदिरांत त्याची निवड झाली, तेव्हां काळ्या खेळाडूंसाठीं निराळें दालन योजिलें होतें. लोकांनीं ओरड केली, आणि तो बेत सोडावा लागला. १९८२ सालीं पेज वारला. २०२० सालीं त्या जुन्या काळ्या संघांच्या स्पर्धांना मुख्य स्पर्धांचा दर्जा मिळाला आणि २०२४ सालीं त्यांचे आंकडे अधिकृत वहींत आले. गांवोगांवच्या त्या प्रदर्शनी सामन्यांची गणती मात्र त्यांत नाहीं.